तीन तासांचा झेंडा

"पक्ष कुठला म्हणायचा हा?" चहावाल्यानं झेंड्याकडे बघत विचारलं.

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या अलीकडे, त्याच्या टपरीसमोर, मी सत्तेचाळिसाव्या वर्षी अर्ध्या चड्डीत उभा होतो आणि माझ्या हातात जांभळा झेंडा होता. त्यावर पांढऱ्या रंगात '३:००' असं लिहिलेलं होतं.

"पक्षाचा नाही. तीन तासांचा आहे," मी म्हणालो.

"तीन तास टिकतोय? मग बरा म्हणायचा." त्यानं कप पुढे केला. "कुठल्या वॉर्डातून उभं राहताय?"

त्या वर्षी महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती, त्यामुळे त्याची काही चूक नव्हती. झेंड्याचा रंग ठरवतानाच आमची दमछाक झाली होती. जो रंग काढावा तो कुठल्या ना कुठल्या पक्षानं आधीच घेतलेला. शेवटी जांभळा उरला.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. आमच्याकडे दर जानेवारीत अर्धमॅरेथॉन होते. अंतर एकवीस किलोमीटर आणि वर शंभर मीटर. ते वरचे शंभर मीटर कशासाठी असतात हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही, पण जीव जातो तो तिथंच. या शर्यतीत पेसर नावाचा एक प्राणी असतो. त्यानं वेळ लिहिलेला झेंडा घेऊन एका चालीनं पळायचं आणि झेंड्यावर लिहिलेल्या वेळेला बरोब्बर पोहोचायचं. लवकर नाही आणि उशिरा तर नाहीच. ज्यांना त्या वेळेत पोहोचायचंय, त्यांनी बाकी काही न बघता त्याच्या मागे राहायचं. आमच्याकडे नियम असा, की तीन तासांनंतर येणाऱ्याला पदक नाही. म्हणजे माझा झेंडा शेवटचा. माझ्याबरोबर येणाऱ्यांना पदक, माझ्या मागून येणाऱ्यांना केळं.

हा मान मला मिळाला तो डॉक्टर मृणालिनी कोष्टींमुळे. त्या दातांच्या डॉक्टर. पळणाऱ्यांचा आमचा गट त्यांनीच काढलेला, आणि दाढ काढावी तसाच त्या तो चालवायच्या. आधी गोड बोलायचं आणि माणूस बेसावध झाला की जोर लावायचा.

"आरवाडे," त्या एका रविवारी म्हणाल्या, "तुमचे गेल्या एकतीस रविवारांचे आकडे काढले मी."

मी मान खाली घातली. गटात सगळ्यात हळू मीच होतो.

"थंडी असो, उकाडा असो, आदल्या दिवशी जेवणावळ असो, तुम्ही एका किलोमीटरला साडेआठ मिनिटं घेता. पाच सेकंद इकडं नाही की तिकडं नाही."

"सुधारायचा प्रयत्न चालू आहे, मॅडम."

"सुधारू नका. हात लावू नका त्याला. असा माणूस जिल्ह्यात नाही."

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. चोवीस वर्षांत माझ्या कुठल्याही गुणाची कुणी जिल्हा पातळीवर तुलना केली नव्हती. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर शैलजा म्हणाली, "म्हणजे तुम्ही हळू आहात म्हणून निवडलं."

"हळू नाही. नियमित."

"बरं. झेंडा धुवायचा झाला तर वेगळा भिजवा. रंग जाईल त्याचा."

तर मी झेंडा घेऊन टपरीपाशी उभा होतो, सरावाची पहिली पहाट होती, आणि पाठीमागून हाक आली, "आरवाड्या."

शाळा सोडून तीस वर्षं उलटली होती, तरी माझा हात शर्ट आत खोचलाय का ते चाचपायला गेला. शर्ट नव्हताच, बनियन होता. मागे चौगुले सर उभे होते. आमचे पीटीचे सर. एकाहत्तर वर्षांचे, ताठ, पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढरी पँट घोट्यापर्यंत दुमडलेली.

"झेंडा तू धरणार म्हणे."

"हो, सर."

"आठवीत तुला आठशे मीटरला सोडलं होतं. संपली का रे ती शर्यत?"

"चालू आहे, सर."

चहावाला हसला. सर हसले नाहीत. त्यांनी झेंड्याची काठी हातात घेऊन वजन बघितलं, परत दिली आणि म्हणाले, "मला तुझ्यामागं यायचंय. चल."

आणि आम्ही निघालो. हरिपूरचा रस्ता तेव्हा अंधारात असायचा. दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं, उजवीकडे नदीचा गारवा, आणि गावाजवळ आलं की हळदीचा वास. त्या रस्त्यावर मी पुढे, मागे सर. सर पळताना ओठांतल्या ओठांत पुटपुटत. पहिल्या दिवशी मला वाटलं जप चाललाय. मग ऐकू आलं, एक-दोन-एक, एक-दोन-एक.

"पावलं मोजताय का, सर?"

"मोजत नाही. पडतातच ती मोजून."

आमच्यात तिसरी आली ती निलोफर शिकलगार. मिरजेला एका हॉस्पिटलात नर्स होती, पस्तिशीची. रात्रपाळी संपवून स्कूटरवरून थेट सांगलीत यायची, गणवेशावरचं जाकीट काढून डिकीत टाकायची आणि पळायला लागायची. हातात घड्याळ नाही.

"एक साधं तरी घ्या," मी म्हटलं. "किती वेगानं पळताय कळायला नको?"

"दादा, रात्रभर घड्याळच बघते मी. कुणाचं सलाइन कधी संपतंय, कुणाला गोळी कधी. इथं पण तेच करू?" तिनं माझ्या झेंड्याकडे बोट केलं. "ते आहे ना. तुम्ही बघा घड्याळ. मी झेंडा बघते."

असं आम्ही तिघांनी चालू केलं, पुढे पंधरा-वीस जण झाले. शहर जागं व्हायच्या वेळी आम्ही परत फिरायचो, तेव्हा मात्र हाल. देवाला फुलं तोडायला निघालेल्या आजीबाई झेंडा बघून रस्त्याच्या कडेला व्हायच्या. एकदा एका नगरसेवकाचा माणूस मोटरसायकल आडवी घालून म्हणाला, "साहेब विचारतात, तुमची माणसं किती?" मी म्हटलं, अठरा. तो म्हणाला, "अठराच? पण रोज येतात का?" रोज येतात म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आदर उमटला. रोज फुकट येणारी अठरा माणसं त्यांच्याकडे कुणाकडेच नव्हती.

चौगुले सर आमच्यात एकाहत्तराव्या वर्षी का आलेत हे विचारायची माझी हिंमत नव्हती. निलोफरनं विचारलं. नर्सलोकांना माणसांना काहीही विचारायची सवय असते.

"सर, तुम्हाला पदक कशाला पाहिजे हो आता?"

सर बराच वेळ एक-दोन-एक करत राहिले. मग म्हणाले, "चौतीस वर्षं पोरं पळवली. जिल्ह्याला नेली, राज्याला नेली. शिट्टी मारायची आणि घड्याळ धरून उभं राहायचं. निवृत्तीच्या सभेत एक पोरगं उठून बोललं, सर आम्हाला लई पळवायचे, पण सरांना पळताना आम्ही कधी बघितलं नाही. सगळे हसले. मीपण हसलो."

"मग?"

"मग काय. खरंच होतं ते."

त्यांनी त्यानंतर तीनदा आमची शर्यत पळून बघितली होती. तीन तास अकरा मिनिटं, तीन तास सात, तीन तास चार. आणि मॅडमनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की पुढच्या वर्षीपासून सत्तरीच्या वरच्यांना फक्त दहा किलोमीटर. समितीचा निर्णय. म्हणजे ही शेवटची वेळ.

"चार मिनिटं कमी करायचीत," सर म्हणाले. "तू फक्त नीट पळ, आरवाड्या. बाकी माझ्यावर सोड."

मी नीट पळालो. अकरा रविवार मी इतका नीट पळालो, की मॅडम माझ्या आकड्यांचे फोटो काढून इतर गावांतल्या गटांना पाठवायच्या. आणि सरही सुधारत होते. दहा किलोमीटर झेंड्याबरोबर. मग बारा. मग पंधरा. पण शर्यतीच्या दोन आठवडे आधी अठरा किलोमीटर पळालो, तेव्हा शेवटी मी मागे वळून बघितलं तर सर दोनशे पावलं मागे होते, आणि ओठ हलत नव्हते.

टपरीवर बसल्यावर मी म्हटलं, "सर, त्या दिवशी शेवटी थोडं कमी पडलं, तर बघू काहीतरी. दोन-चार सेकंद मी इकडं-तिकडं…"

सरांनी कप खाली ठेवला.

"काय बघू?"

"नाही, म्हणजे…"

"चौतीस वर्षांत शिट्टी एक सेकंद मागंपुढं केली नाही मी. आमदाराचा पोरगा पळत होता, तरी नाही. तुझा झेंडा माझ्यासाठी थांबला, तर मी नाक्यावर तुझी शोभा करीन. मॅडम, ऐकताय ना?"

"ऐकतेय, सर," मॅडम म्हणाल्या. त्या पोहे खात होत्या.

"तीन तास म्हणजे तीन तास."

"तीन तास म्हणजे तीन तास," मी म्हणालो, आणि त्या वेळी मला ते पटलेलंही होतं.

शर्यतीच्या दिवशी धुकं होतं. सहाला सुटलो. माझ्या झेंड्यामागे वीसेक माणसं जमली होती. त्यांतली निम्मी मी आयुष्यात प्रथमच बघत होतो. तासगावची दोन भावंडं होती, एक बँकेतल्या बाई होत्या, एक गृहस्थ इस्लामपूरहून पहाटे तीनला निघून आले होते. सगळे मला विचारत होते, "साहेब, नक्की ना? तीन तासांत नक्की ना?" आणि मी मान डोलावत होतो. मला आयुष्यात इतक्या लोकांनी एकाच सकाळी साहेब म्हटलेलं नाही. खोटं कशाला बोलू, छाती थोडी पुढे आली होती.

निलोफर आली ती डोळे लाल करून. ही एक सकाळ मोकळी मिळावी म्हणून तिनं दोन जादा रात्रपाळ्या केल्या होत्या.

"झोपलात का?"

"संपल्यावर झोपते. तुम्ही चला, दादा."

पहिले दहा किलोमीटर काट्यासारखे गेले. साडेआठ, साडेआठ, आठ-एकोणतीस, साडेआठ. लोक गप्पा मारत होते. माझ्या उजव्या खांद्यामागून एक-दोन-एक ऐकू येत होतं आणि त्या तालावर मला पळणंही सोपं जात होतं. बारावा किलोमीटर, तेरावा. हरिपूरला वळसा घालायचा आणि परत फिरायचं. वळणावर पाण्याची बाटली घेतली, चौदावा लागला, आणि मला जाणवलं, की मागचा आवाज बंद झालाय.

वळून बघितलं. सर वीस पावलं मागे होते. डावा पाय टाकताना चेहरा आवळत होते.

"पोटरी?" मी ओरडून विचारलं.

त्यांनी हातानं जा, जा, अशी खूण केली. निदान मला तेव्हा तशी वाटली.

माझं काम सोपं होतं. तीन महिने त्याचीच तालीम केली होती. पुढे बघायचं आणि पळायचं. मी पुढे बघितलं आणि पळालो, आणि पळताना पाऊल जरासं आखूड आणि सावकाश टाकलं. किती आखूड? बोटभर. म्हटलं, एक किलोमीटर असं जाऊ. सर गाठतील, पोटरी मोकळी होईल, मग भरून काढू. वीस पावलं म्हणजे काय मोठं.

सर हळूहळू जवळ आले. पंधराव्याला ते पुन्हा माझ्या खांद्यामागे होते. मी पाऊल लांबवलं. ते पुन्हा मागे पडले. मी पुन्हा आखूड केलं.

सोळाव्याला एक चष्मेवाला तरुण इंजिनिअर माझ्या बरोबरीला आला. त्याच्या मनगटावर लाडूएवढं घड्याळ होतं.

"साहेब, हा किलोमीटर नऊ मिनिटं पाचला गेला."

"माहितीय. पुढं उताराला भरून काढू."

तो चार पावलं विचार करत पळाला. "उतार कुठाय? ही सांगली आहे."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुढे निघून गेला. त्याच्या मागे आणखी पाच-सहा जण आपापली मनगटं बघत गेले. ज्यांच्याकडे घड्याळं होती ते गेले. ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता तेवढे मागे उरले.

अठराव्याला निलोफर बाजूला आली. तिला धाप लागली नव्हती. आज ती अजून जोरात पळू शकली असती हे मला तिच्या पावलांवरून दिसत होतं.

"दादा, ते का गेले सगळे?"

"काहींना घाई असते."

"आपण बरोबर आहोत ना?"

माझ्या घड्याळात आम्ही दीड मिनिट मागे होतो. अजून तीन किलोमीटर होते. तिला तेव्हा 'तू जा' म्हटलं असतं तर ती गेली असती. बँकेच्या बाई गेल्या असत्या, तासगावची भावंडं गेली असती. मी एकटा सरांबरोबर राहिलो असतो. साधी गोष्ट होती. पण मग झेंड्यामागे कोणी उरलं नसतं, आणि झेंडा चुकतोय हे मला मोठ्यानं म्हणावं लागलं असतं.

"बरोबर आहोत," मी म्हणालो.

"मग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा माझ्या मागे गेली.

शेवटच्या वळणावरून कमान दिसते. कमानीवर मोठं लाल आकड्यांचं घड्याळ असतं, ते तिथूनच वाचता येतं. आम्ही वळलो तेव्हा त्यावर तीन तास पूर्ण होऊन सोळा सेकंद झाले होते, आणि आम्हाला अजून पावणेतीनशे मीटर जायचं होतं. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "अरे, हे घड्याळ पुढं असेल." दुसरं कुणी म्हणालं, "साहेब बरोबर आहेत, झेंडा बघ." त्या दोन वाक्यांसारखं दुसरं काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही आणि ऐकायची इच्छा नाही.

आम्ही पोहोचलो. तीन तास, दोन मिनिटं, एकेचाळीस सेकंद. मी, सर आणि आणखी चौदा माणसं.

पदकांच्या टेबलावरच्या पोरी टेबलावरचा कपडा घडी करत होत्या. एकीनं आमच्यापुढे केळ्यांची पाटी धरली.

कोणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. इस्लामपूरचे गृहस्थ केळं हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले. तासगावचा धाकटा भाऊ मोठ्याला विचारत होता, "आपण तर झेंड्याबरोबरच होतो ना?" निलोफरनं पाटीतून काही घेतलं नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी झेंडा बघूनच पळाले, दादा," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. रोग्याच्या नातेवाइकाला काही समजावून सांगावं तसं म्हणाली. "दुसरीकडं कुठं बघितलंच नाही."

तेवढ्यात डॉक्टर कोष्टी गर्दीतून वाट काढत आल्या. माझा चेहरा, चौदा जणांचे चेहरे आणि कमानीवरचं घड्याळ, असं सगळं त्यांनी क्रमानं बघून घेतलं.

"आरवाडे, काय झालं? घड्याळ बिघडलं का तुमचं?"

बाई हुशार. दुखायच्या आधी भूल देण्याची त्यांची सवय. मला एक शब्द बोलायचा होता. 'हो' म्हटलं की संपलं. यंत्र आहे, बिघडतं, कोण काय म्हणणार. मी तोंड उघडलंसुद्धा.

"घड्याळाला काय धाड भरलीय," चौगुले सर म्हणाले.

ते कमानीच्या खांबाला एक हात लावून उभे होते. चेहरा घामानं थबथबलेला, डावा पाय अधांतरी.

"कान धर, आरवाड्या."

"सर?"

"ऐकू येत नाही? कान धर. चौदा उठाबशा. माणशी एक. कुणाचं काय बुडवलंस ते कळू दे की त्यांना."

मी इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूला दोनेकशे माणसं होती. त्यांत माझ्या कॉलेजचे तीन विद्यार्थी होते, एक प्राध्यापक होते, आणि झेंड्याचा फोटो काढायला आलेली शैलजा होती. मी झेंडा खाली ठेवला आणि कान धरले.

एकवीस किलोमीटर पळाल्यानंतर उठाबशा काढणं म्हणजे काय हे ज्यांनी काढल्यात त्यांनाच कळेल. बसता येतं. उठायचं कसं हे पायांना आठवत नाही. पहिली कशीबशी काढली. दुसरीला गुडघ्यांतून असा आवाज आला, की केळीवाली पोरगी दोन पावलं मागे झाली.

"दोन," सर म्हणाले. मग थांबले. मला वाटलं, दया आली असेल.

"वळणापर्यंत तुझी पावलं मिनिटाला एकशे छप्पन्न पडत होती," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, निलोफरकडे बघून. "वळणानंतर एकशे पन्नास. पुढचे सात किलोमीटर एकशे पन्नास. चौतीस वर्षं पावलं ऐकलीत मी. मला काय कळत नव्हतं होय?"

"सर, तुम्ही तर जा म्हणून खूण केलीत," मी खाली बसल्या बसल्या म्हणालो.

"एकदा केली. मग तू थांबलास ते बघितलं आणि परत केली नाही." ते खांबापासून सुटे झाले. "तोंड मिटून पळत राहिलो. म्हटलं, मिळतंय तर घेऊ या. ही पोरगी तुला विचारत होती ना, बरोबर आहोत का म्हणून? मला ऐकू आलं ते. तू खोटं बोललास तेही ऐकू आलं."

त्यांनी डाव्या हातानं उजवा कान धरला, उजव्या हातानं डावा. आणि खाली बसायला लागले.

"सर, अहो, तुमचा पाय," निलोफर पुढे धावली.

"पायाचं काय ते नंतर बघ. तू मोज. आम्हा दोघांचा भरवसा नाही आज."

मग तिनं मोजायला सुरुवात केली. "तीन," ती म्हणाली. आमच्या शाळेचे पीटीचे सर आणि त्यांचा सगळ्यात हळू विद्यार्थी, दोघांचं वय मिळून एकशे अठरा, कमानीखाली समोरासमोर कान धरून वरखाली होत होतो. सरांचा तोल गेला की ते माझा खांदा धरायचे, माझा गेला की मी त्यांचा. "चार. सर, पाठ ताठ. पाच. दादा, पूर्ण बसा, ही अर्धी झाली, धरणार नाही मी." तासगावचा धाकटा भाऊ हसला. मग बँकेच्या बाई हसल्या.

शर्यतीसाठी आम्ही एक निवेदक आणला होता. तो एरवी लग्नांत आणि शोभायात्रांत बोलायचा. उंच मंचावरून त्याला आम्ही दिसलो, ऐकू मात्र काही आलं नव्हतं. त्यानं माइक तोंडाला लावला.

"आणि मित्रहो, इकडं लक्ष द्या. आपले ज्येष्ठ धावपटू शर्यतीनंतरचा शास्त्रोक्त व्यायाम करून दाखवत आहेत. कानाच्या पाळीवर दाब, मांड्यांना ताण. चला, सगळ्यांनी करायचंय. कान धरा. एक…"

मागे कुणीतरी गाणं लावलं. आणि मैदानातली दोनेकशे माणसं, गळ्यात पदकं घातलेली, कान धरून खाली बसली. आमदारांच्या हस्ते बक्षीस समारंभ होता, ते नुकतेच आले होते. त्यांना वाटलं, आपल्याला यायला उशीर झाला म्हणून चाललंय. त्यांनी आधी हात जोडले आणि मग स्वतःही दोन काढल्या.

अकराव्याला निलोफरनं आम्हाला थांबवलं. "पुरे झालं. पुढच्या माझ्याच वॉर्डात येऊन काढायला लागतील."

"तीन राहिल्या," सर म्हणाले.

"राहू देत. घेईन नंतर."

सरांची पोटरी तिनंच बांधली, बर्फ तिनंच आणला. मी बर्फाची पिशवी धरून बसलो होतो. शेवटी मी म्हटलं, "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. "पिशवी जरा वर धरा."

पुढच्या वर्षी तिनं घड्याळ घेतलं आणि दोन तास चाळीस मिनिटांत आली. झेंड्याच्या फार पुढे. झेंडा पुन्हा माझ्याकडेच होता. मॅडमनी समितीत विषय काढला, तेव्हा झेंडा माझ्याकडून काढून घ्यावा असं मीच म्हटलं होतं. पण निलोफर म्हणाली, राहू दे, हा माणूस आता मेला तरी थांबणार नाही. मी त्या वर्षी दोन तास एकोणसाठ मिनिटं बावन्न सेकंदांत आलो. इस्लामपूरचे गृहस्थ माझ्या मागेच होते. शेवटच्या सात किलोमीटरमध्ये त्यांनी मला अकरा वेळा घड्याळ दाखवायला लावलं.

सर दहा किलोमीटर पळाले. तिथं पोहोचणाऱ्या प्रत्येकाला पदक देतात. त्यांनी ते खिशात घातलं. आज ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. हरिपूरच्या रस्त्यावर पहाटे चालताना दिसतात, ओठ हलत असतात.

उठाबशा मात्र राहिल्या. आमच्या शर्यतीत आता ती प्रथाच पडलीय. शर्यत संपली की निवेदक सांगतो आणि सगळे कान धरून अकरा उठाबशा काढतात. बाहेरगावची माणसं आपल्या गावी जाऊन हे सांगतात. कुठल्याशा माहितीपत्रकात मॅडमनी त्याचे फायदेही छापलेत, मांड्यांना आणि रक्ताभिसरणाला. का काढतात, हे कोणी विचारत नाही.

अकरा झाल्या की लोक कान सोडतात, एकमेकांना टाळ्या देतात आणि नाश्त्याच्या रांगेकडे जातात. मी तसाच उभा राहतो. गळ्यात पदक घालून निलोफर समोर येते, हाताची घडी घालते आणि म्हणते, "बारा."